चराच्या भिंतीवरची रेघ

वैरागच्या शिवारात खाण म्हणजे मुरमाची, नाहीतर खडीसाठी फोडलेल्या दगडाची. रस्त्याला, घराच्या जोत्याला मुरूम जातो आणि रानात खड्डा राहतो. असे खड्डे भरून रान पुन्हा पेरतं करणं हे माझं काम.

मालक माती परीक्षणाचा कागद पुढे करतो. पालाश भरपूर, सामू ठीक. कागद खोटा नसतो, पण तो कुटून चाळलेल्या मातीचा असतो. खाणीने मोडलेली घडण चाळणीत कळायची कशी? म्हणून मी उभा चर घ्यायला लावतो.

शेजारच्या न उकरलेल्या रानात वर काळी, खाली चुनखडीचे खडे, मग हळूहळू पिवळसर होत जाणारा मुरूम. काळी नेमकी कुठे संपली, बोट ठेवता येत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून हे थर झालेत. उन्हाळ्यात काळी भेगाळते, वरचा भुगा भेगांत उतरतो. पावसात ती फुगते, तेव्हा आतली ढेकळं एकमेकांवर घासून चकचकीत होतात.

भरावात तळ पोकलेनने तासलेला, वर टिपरने ओतलेली सरमिसळ, तीही डोझरखाली चेपलेली. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. पाणी तिच्यावर तुंबतं, मुळी आडवी वळते. पावसाळ्यात रान चिबड, दिवाळीनंतर कोरडं. आमची मालदांडी ज्वारी साठलेल्या ओलीवर पिकणारी; इथे तिचा दाणा भरत नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी आणि जिवाणू खतं घालून झाडं जगवली. मळीला आमच्या सोलापूर जिल्ह्यात तोटा नाही, मीही ती वापरतो. पण त्यांना झाडी हवी होती, आम्हाला ज्वारी. त्यामुळे आधी तळ सबसॉयलरने फोडायचा, मग मुरूम, काळी सगळ्यांत शेवटी, आणि ओल्या रानात टिपर अजिबात घालायचा नाही.

काळी आधीच बाजूला काढून ठेवली असेल तर निम्मं काम झालं. बहुतेकदा ती वीटभट्टीने गिळलेली असते. मग तलावाचा गाळ. तो कसदार खरा, पण नुसता वर पसरला की नवी रेघ तयार. खालच्या मुरमात कालवावाच लागतो. त्यावर पहिल्यांदा तूर. काढणीनंतर पुन्हा चर घेतो. तुरीची मुळी रेघेखाली सरळ उतरली असेल तर ज्वारी पेरा म्हणतो. नाहीतर परत तूर, मालक कितीही कुरकुरला तरी.