भैरूची गाडी, नातवाचा श्वास

कुत्रं पाळणाऱ्या घरात पाहुणा आला की पहिला प्रश्न असतो, "चावत नाही ना?" दुसरा, "खातो काय?" केसांचं कुणी विचारत नाही. पण कुत्र्याबरोबर राहायचं म्हणजे त्याच्या केसांबरोबरही राहायचं. घर आपण रोज झाडतो, म्हणून निभावतं. गाडी कोण रोज झाडतो?

माझी मोठी बहीण उज्जैनला दिली आहे. शिंदेशाहीत तिकडे गेलेल्या मराठी घराण्यांपैकी एक तिचं सासर. अकरा वर्षांपूर्वी ताईने माहेराहून एक पिल्लू नेलं, मुधोळचं. आपल्या वाचकांना या जातीची ओळख करून द्यायला नको. घोरपडे संस्थानिकांनी जपलेलं हे शिकारी कुत्रं २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही आलं. दाजींनी त्याचं नाव ठेवलं भैरू. उज्जैनचं काळभैरवाचं देऊळ प्रसिद्ध, आणि कुत्रं त्या देवाचं वाहन. ताईला ते लगेच पटलं. आपला खंडोबा म्हणजेही मार्तंड भैरव, कन्नड घरांतला मैलार. त्याच्यासोबतही कुत्रं असतंच. भैरू माळव्यात वाढला, पण हुकूम कन्नडमधले. ताईने "हत्तु" म्हटलं की गाडीत चढतो, "इळि" म्हटलं की उतरतो.

दाजी रोज पहाटे त्याला मागच्या सीटवर बसवून क्षिप्रेकाठी फिरायला न्यायचे. दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. ताईला गाडी चालवता येते. तिने तो नेम मोडू दिला नाही.

यंदा मे महिन्यात मात्र पेच पडला. भाचा पुण्याला असतो. त्याच्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि कुत्र्याची अ‍ॅलर्जी निघाली. भाच्याने फोनवर सांगून टाकलं, "आई, भैरूला कुणाला तरी देऊन टाक. नाहीतर सुट्टीत आमचं येणं होणार नाही." ताईने तो फोन ठेवून मला लावला. "नातू हवा की कुत्रं, असं विचारतोय गं. काय सांगू?"

कॉलेजला सुट्टी होती. मी गेले.

नातवाला स्टेशनवरून आणायचं ते याच गाडीतून, बंद काचांत. म्हणून आधी गाडी घेतली. मुधोळचे केस आखूड, म्हणून ते दिसत नाहीत, एवढंच. लांब केस कापडावर गुंता होऊन पडतात, चिमटीत येतात. आखूड, ताठ केस सुईसारखे विणीत शिरतात. त्यात माळव्याचा कोरडा उन्हाळा. कोरड्या हवेत कापडात स्थिर वीज साठते आणि केस जास्तच घट्ट धरले जातात. अशा सीटवर नुसता व्हॅक्यूम फिरवला तर धूळ निघते, केस तिथेच.

आधी केस सैल करायचे, मग ओढायचे. चारी दारं उघडून, तोंडाला मास्क लावून आम्ही सावलीत बसलो. सीटवर पाण्याचा हलका फवारा मारला. भिजवायचं नाही, दमट करायचं. मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून एकाच दिशेने हात ओढत गेलो. रबर केसांना पकडतं आणि त्यांची वळकटी होते, शेवया वळाव्यात तशी. पायाखालच्या जाजमावर काच पुसायचं रबरी पट्टीचं वायपर उपयोगी पडलं. सीटच्या शिवणी आणि फटी राहिल्या, तिथे व्हॅक्यूमची अरुंद नळी. वरून खाली यायचं, म्हणजे पडलेलं शेवटी एकदाच उचललं जातं. असे दोन दिवस गेले. मागच्या सीटवरची वळकटी हातात घेऊन ताई थोडा वेळ गप्प बसली. "यातले निम्मे ह्यांच्या वेळचे असतील," म्हणाली. मग तिनेच ती कचऱ्यात टाकली.

केस निघाले म्हणजे सगळं झालं, असं नाही. अ‍ॅलर्जी प्रत्यक्ष केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात, त्यांची असते. केस ती वाहून नेतो. हे कण इतके बारीक की हवेत तरंगतात, कापडात बसतात, आणि कुत्रं घरातून गेलं तरी बरेच दिवस मागे राहतात. मी भाच्याला फोनवर हेच सांगितलं. भैरूला उद्या देऊन टाकला असता, तरी ही गाडी धुवावीच लागली असती.

त्याने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अटी घातल्या: मुक्काम थोडा, मुलाचं औषध आणि पंप चुकवायचा नाही, खोली वेगळी, आणि त्या दिवसांत कुत्रं गाडीत नाही. ताईने वरची खोली दिली. भैरू तिथे कधी गेलेलाच नव्हता. चार दिवस भैरूची फेरी पायीच झाली. नातू वरच्या गॅलरीतून त्याला "बा इल्ली" म्हणून हाक मारायला शिकला. भैरू जिन्याच्या दाराशी येऊन बसायचा. दार बंद असायचं.

आता मागच्या सीटवर आईची जुनी वाकळ असते, कन्नड घरांत जिला कौदी म्हणतात. सीटच्या लवेपेक्षा धुवून धुवून मऊ झालेल्या घट्ट सुती कापडात केस कमी रुततात, आणि मुख्य म्हणजे ती काढता येते. ताई दर रविवारी ती अंगणात झटकते, गरम पाण्यात धुते, उन्हात टाकते.

म्हातारं माणूस, लहान मूल आणि मुकं जनावर एका घरात आले की कुणाला तरी दूर करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी कधी खरंच करावं लागतं. पण त्याआधी निदान एक वाकळ धुवून बघायला काय हरकत आहे?