पहिल्या खेपेतलं प्लेस्टेशन

आमच्या घरात व्हिडिओ गेमचं यंत्र यावं असं आम्हा दोघांना कधी वाटलं नव्हतं. दोघंही शिक्षक. घरात उर्दू-मराठीच्या वह्यांचे गठ्ठे, एक बत्तीस इंची टीव्ही आणि दोघांच्या डोक्यात पक्की बसलेली एकच समजूत : गेम म्हणजे पोरांचं वाटोळं. आमच्या लहानपणी मंगळवेढ्यात एका दुकानात टीव्ही गेम तासावर मिळायचा. निन्टेंडोच्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. पिवळी कॅसेट, वर '९९९९ इन वन' असं छापलेलं आणि आत फिरूनफिरून तेच मारिओ आणि काँट्रा. ईदीचे पैसे तिथं उडवून आम्हीही अब्बांचा मार खाल्ला होता. पण मोठं झाल्यावर हे कोण आठवतं!

आमचं घर एकत्र. अम्मी, भाईजान-भाभी, त्यांचा थोरला मुलगा, आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं. भाईजानांचं धान्याचं दुकान आहे, मालदांडी ज्वारीचा व्यवहार. पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि वर्षभरात लॉकडाऊन झाला, म्हणून लॅपटॉप घेऊन घरी परतला. माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं ऑफिस.

२०२० च्या नोव्हेंबरात सोनी कंपनीचं प्लेस्टेशन ५ परदेशात निघालं. हिंदुस्थानात ते २ फेब्रुवारी २०२१ ला येणार होतं आणि १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता आगाऊ नोंदणी होती. त्या दिवशी पुतण्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी चार लॅपटॉप उघडून ठेवले होते. काही मिनिटांत सगळा माल संपला. जगभर चिपांचा तुटवडा होता, आपल्या वाट्याला पहिली खेप थोडकीच आली होती. चौघांपैकी एकाला मिळालं, आणि तो एक म्हणजे आमचा पुतण्या. पत्ता पुण्यातल्या मित्राचा दिला होता, कारण आमच्या पिनकोडवर कोणी पोचवायला तयार नव्हतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो एसटीनं गेला आणि तो भला मोठा खोका मांडीवर घेऊन एसटीनंच परत आला. शेजारचा प्रवासी म्हणे विचारत होता, मिक्सर आहे का?

किंमत ४९,९९० रुपये. हे त्यानं भाईजानांना आधी सांगितलं नव्हतं. पगार त्याचा, पण आमच्या घरात पन्नास हजारांची वस्तू न विचारता येत नाही. भाईजान ओरडले नाहीत. त्यांनी दुकानातल्या माणसासारखा हिशोब केला, "सोळा-सतरा क्विंटल ज्वारी झाली ही." मग म्हणाले, "इस्राफ है ये," आणि मुलाशी बोलणं बंद केलं. ताटावर शेजारी बसायचे, पण मीठ हवं असलं तर भाभीमार्फत मागायचे.

आम्ही दोघं भाईजानांच्या बाजूनं होतो, हे इथंच सांगून टाकतो. पण खोका उघडला तेव्हा आम्हीही जवळ सरकलो. साडेचार किलोचं धूड, दोन्ही बाजूंना पांढरे पंखे पसरलेले; अर्धी उघडून उभी ठेवलेली वही दिसावी तसं. टीव्हीच्या फळीवर ते उभं मावेना, म्हणून खालची बैठक पेचकसानं सोडवून दुसरीकडे लावली आणि आडवं निजवलं. बत्तीस इंची साध्या टीव्हीवर त्याचं निम्मं तेज वाया जातं असं पुतण्या हळहळत होता. आम्हाला तर तेवढंही डोळे दिपवणारं होतं.

आत एक गेम आधीपासूनच भरलेला होता, 'ॲस्ट्रोज प्लेरूम'. एक चिमुकला पांढरा यंत्रमानव या यंत्राच्याच पोटात फिरतो. वाळूवरून चालला की हातातलं कंट्रोलर खरखरतं, बर्फावरून गेला की गुळगुळीत सरकतं. बोटाखालची कळ मधेच जड होते, धनुष्याची दोरी ताणावी तशी. आमच्या लेकीनं ते अम्मींच्या हातात दिलं. अम्मींना मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "हातात रेती चाललीय गं!" एका जागी तर कंट्रोलरच्या बारीक मायक्रोफोनवर खरोखरची फुंकर मारावी लागते, मग पडद्यावरची पवनचक्की फिरते. अम्मी रोज रात्री नातवंडांवर काही पढून दम करतात. त्यांनी त्याच सवयीनं फुंकर मारली, चक्की फिरली, आणि भाईजान सोडून सगळं घर हसलं.

मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मास्तरांनाही शिकावं लागतं. हे इतकं झटपट कसं उघडतं? जुन्या यंत्रात फिरती तबकडी असायची, त्यावर एक सुई जागा शोधत फिरायची. यात तबकडीच नाही, सगळं चिपेवर. आम्ही आमच्या पद्धतीनं सांगितलं : पूर्वी ज्वारी पेवात असायची, पेव उघडा, आतली हवा निघून जाऊ द्या, माणूस उतरवा, मग धान्य वर. आणि ही स्वयंपाकघरातली कणगी, हात घातला की मूठभर ज्वारी हातात. पेवाची उपमा कानावर पडून भाईजानांनी वर्तमानपत्र जरा खाली केलं होतं. खोक्यावर ८२५ जीबी लिहिलंय आणि यंत्र ६६७ च दाखवतं, हे कुठं गेलं, असंही लेकीनं विचारलं. यंत्र स्वतःच्या कामासाठी जागा राखून ठेवतं, असं पुतण्यानं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दलाली."

एवढ्या जागेचं आम्हाला करायचं तरी काय होतं! घरात इंटरनेट मोबाइलचं, दिवसाला दीड जीबी. पन्नास जीबीचा गेम उतरवायचा तर महिना जाणार. म्हणून डिस्क. 'स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस' ३,९९९ रुपयांना. दुसरं कंट्रोलर ५,९९०, ते घेतलंच नाही. पुण्याच्या मित्रानं जुनं 'क्रिकेट १९' दिलं, ते यावर चाललं आणि गल्ली आमच्या घरात आली. आठ-दहा पोरं, एक कंट्रोलर. लेकीनं वहीत पाळ्या लिहिल्या, प्रत्येकाला घड्याळ लावून दहा मिनिटं. ती वही अजून आहे. तिच्यातली खाडाखोड पाहिली की कोणाची कोणाशी भांडणं झाली ते कळतं.

मुलगा दहावीत होता. परीक्षा २९ एप्रिलला सुरू होणार, म्हणून १ मार्चला आम्ही कंट्रोलर लोखंडी कपाटात ठेवून किल्ली आमच्याकडे घेतली. यंत्र पुतण्याचं, कुलूप आमचं. तो बिचारा काही बोलला नाही. १२ एप्रिलला परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. आम्ही किल्ली दिली नाही. मग २० एप्रिलला परीक्षाच रद्द झाली. मुलगा आमच्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. शिक्षक म्हणून आमच्याकडे त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. किल्ली दिली.

तो रमजानचा पहिला आठवडा. दुसरी लाट जोरात, राज्यभर निर्बंध, तरावीह घरात. शिवाय १७ तारखेला आमच्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली होती आणि आमच्यापैकी एकाला मतदान केंद्रावर ड्यूटी होती. त्या रात्री, २० तारखेला, इफ्तारनंतर गल्लीतली चार पोरं आली. नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. दीड महिन्यानंतर कपाट उघडलेलं, सगळे खुशीत. तेच कंट्रोलर हातोहात फिरलं आणि पवनचक्कीच्या जागी सगळ्यांनी आळीपाळीनं फुंकर मारली. त्यातल्या एका पोराचं नाक वाहत होतं.

२२ ला पुतण्याला ताप आला. २४ ला रिपोर्ट पॉझिटिव्ह.

आम्ही लगेच ठरवून टाकलं, कंट्रोलरमुळे झालं. त्या फुंकरीमुळे, त्या नाक वाहणाऱ्या पोरामुळे. भाईजानांना तसं सांगितलं. गल्लीतल्या पोरांना दारातूनच परत पाठवलं आणि त्या मुलाच्या आईला, "तुमच्या लेकराला तपासून घ्या, आमच्याकडं त्याच्यामुळं आलंय," असंही सुनावलं. ती काही बोलली नाही. आत गेली आणि दार लावलं.

आता जे सांगायचं आहे ते असं. १९ तारखेच्या इफ्तारला आमच्यापैकी ज्याला ड्यूटी होती त्याला खजुराची चव लागली नव्हती. २० ला अंग मोडून आलं होतं. रोजा आहे, दोन दिवस झोप नाही, उन्हात उभं राहणं झालंय, असं आम्ही एकमेकांना समजावलं. दोघांनाही आतून माहीत होतं की हे दुसरं काहीतरी असू शकतं. पण अम्मींना कळलं तर त्या घाबरतील, घर दोन भागांत वाटावं लागेल, ऐन रमजानात! अम्मींनी लसीचा एक डोस घेतलाय, असंही मनाला बजावलं. २६ ला घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, आमच्यापैकी तो एक पॉझिटिव्ह निघाला. "पुतण्याकडून लागलं," असं आम्ही म्हणालो. कोणी तारखा विचारल्या नाहीत. खरं कोणाकडून कोणाला गेलं हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण चवीची गोष्ट आम्ही लपवली, हे खरं आहे.

पुतण्या माडीवर, आमच्यातला एक जिन्याखालच्या मागच्या खोलीत. प्लेस्टेशन आणि टीव्ही वर चढवले, कारण ते कंट्रोलर आता कोणी शिवायला तयार नव्हतं. त्याचा ताप चढ-उतार करायचा. दिवसा थोडा वेळ तो क्रिकेट खेळायचा, प्रेक्षकांचा गलका खाली ऐकू यायचा. भाईजान दुकान अकराला बंद करून येत आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर तसबीह घेऊन बसत. मुलाशी अजून बोलणं नव्हतंच. जेवणाचं ताट वरच्या पायरीवर ठेवून खाली येत. आम्हाला आधी कळेना ते तिथंच का बसतात. मागच्या खोलीतून हळूहळू लक्षात आलं, गलका सुरू असला की त्यांची तसबीह सावकाश सरकायची. आवाज थांबला की मणी थांबायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला आवाज एकदम तुटला. षटकाच्या मधेच. भाईजान उठले. रोज्यात, साठीच्या उंबरठ्यावर, गुडघे धरलेला माणूस दोन-दोन पायऱ्या चढून गेला. दार ढकलल्याचा आवाज आला. आम्ही खालून श्वास रोखून ऐकत होतो.

"बंद का पडलं?"

"गरम झालंय अब्बा. मशीन गरम झालं की आपोआप बंद होतं."

"आणि तू?"

त्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, पाच ते पस्तीस अंश तापमानात चालवा. मंगळवेढ्याचा एप्रिल चाळिशीचा, वर पत्रा. संसर्गाच्या भीतीनं आम्ही त्याची खिडकीही लावून घ्यायला सांगितलं होतं, जे अगदी उलट होतं. हवा खेळती हवी होती. भाईजानांनी खिडकी उघडली, ऑक्सिमीटर लावायला सांगितलं, पंचाण्णव आला. मग खाली येऊन स्वतःच्या खोलीतला टेबलफॅन घेऊन परत वर गेले आणि तो यंत्राकडे तोंड करून लावला. कूलर ठेवू या का, असं भाभीनं खालून विचारलं, तर पुतण्या ओरडला, पाण्याची हवा नको, मशीन खराब होईल. मग म्हणाला, "अब्बा, पंखा जरा माझ्याकडं पण करा की."

त्यानंतर ते बोलू लागले. फार नाही. धावा किती झाल्या वगैरे.

१४ मेच्या ईदपर्यंत दोघं बरे झाले. बाकी कोणाला काही झालं नाही, अल्लाहचा शुक्र. जूनमध्ये पुण्याच्या एकानं यंत्राला छापील किमतीपेक्षा पंधरा हजार जास्त देऊ केले, कारण बाजारात ते अजूनही मिळत नव्हतं. आम्हाला वाटलं भाईजान खूश होतील. ते म्हणाले, "माल अडल्यावर भाव वाढवून विकायचा धंदा आपल्याकडं होत नाही." यंत्र राहिलं. पुतण्या पुण्याला परतला तेव्हा ते न्यायला विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, आम्ही विचारलं नाही. आता उजवी कळ ढिली झाली आहे, एक रबरी टोपी झिजली आहे. एप्रिल आला की टेबलफॅन त्याच्यासमोर लागतो.

त्या ईदला आम्ही शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्या शेजारणीकडे गेलो होतो. तिनं डबा घेतला, धुऊन साखर घालून परतही दिला. तिचा मुलगा त्यानंतर आमच्याकडे खेळायला आला नाही. पाळ्यांच्या वहीत फेब्रुवारीत त्याचं नाव चौदा वेळा आहे. आज तो आमच्या मुलापेक्षा उंच झालाय, सलाम करतो आणि पुढे जातो. त्याच्या आईला आम्ही खजुराच्या चवीचं सांगितलेलं नाही. भाईजानांनाही नाही. हे मासिक आमच्याकडे भाईजानांच्या नावानं येतं आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. अंक येण्याआधी, या शुक्रवारी जुम्म्यानंतर, आम्ही दोघं आधी त्यांच्या दुकानावर जाणार आहोत आणि मग समोरच्या घरी.