टोकणीनंतरची पहाट

परवा भुईमूग टोकला आणि आज पहाटे जाऊन पाहतो तर ओळीने भोकं! दोरी धरून टोकण्याचा फायदा माझ्यापेक्षा उंदरालाच झाला. एक दाणा सापडला की पुढचा वीतभरावर. दाण्यांची लाल सालं तेवढी भोकाच्या तोंडाशी ठेवून गेला होता.

वडील बियाण्याला रॉकेलचा हात फिरवायचे. मी एकदा हात सैल सोडला, तर निम्मं बी उगवलंच नाही. तेव्हापासून थायरम. लावतो बुरशीसाठीच, किलोला 3 ग्रॅम. पण त्याची चव उंदरालाही नकोशी असते. या वेळी नेमकं तेच संपलेलं, आणि पावसाने घाई केली.

आता नांग्या भरताना मिरचीची पूडही चोळणार आहे. तिखट उंदराला झोंबतं, पाखरांना मात्र ते जाणवतच नाही. म्हणजे होल्यांची राखण राहिलीच. शिवाय एक दणकून सर आली की तिखट गेलं वाहून.

शेजारचे काका म्हणतात, झिंक फॉस्फाइड घाल. ते घालायचं तर आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा ठेवावा लागतो. अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. आणि आमचं मांजर? छे, नकोच.

बांधावर घुबडासाठी काठ्यांचे मचाण रोवले. बायको म्हणाली, ‘‘अपशकुनी पक्षी कशाला बोलावताय?’’ संध्याकाळी तीच बॅटरी घेऊन बघून आली, बसलंय का म्हणून.