बियाण्याची शिदोरी

धान्य साठविणे निराळे आणि ते जिवंत राखणे निराळे. आमची वाशीम जिल्ह्यात थोडी कोरडवाहू शेती आहे; पुढील पेरणीचे सोयाबीन निवडण्याचा मान आमच्या काकूंचा. २०१९ च्या ऑक्टोबरात अवकाळी पावसाने ऐन मळणीत गाठले. काकूंनी राशीत हात घातला व म्हणाल्या, "रास तापली आहे. आजच पसरा." कॉलेजात जाणाऱ्या आमच्या पुतण्यास ही जुनी समजूत वाटली, परंतु शास्त्र काकूंच्याच बाजूस आहे.

दाणा निर्जीव नसतो. पानांनी सूर्यप्रकाशातून मिळविलेली शक्ती त्यात तेल व प्रथिने यांच्या रूपाने साठलेली असते. ओल लागताच पेशींचे श्वसन वाढते, बुरशीही त्या ठेवीवर हात मारते. मोकळ्या झालेल्या शक्तीचा काही भाग पेशी 'एटीपी' नामक रेणूत भरून कामास लावतात. बाकीची उष्णता होऊन जाते. हा रेणू १९२९ साली जर्मनीत लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बराव यांनी शोधिला. तेल ही पेटीतील ठेव, तर एटीपी हे हातातील सुटे नाणे होय.

तापलेली रास म्हणजे जूनमधील अंकुराची शिदोरी ऑक्टोबरातच सरू लागणे. आम्ही दाणे पातळ पसरून ओल बारा टक्क्यांखाली आणिली. पुढे ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाहिले. सत्तरांहून अधिक उगवले. पावसाळ्यापूर्वी कडधान्यास ऊन देण्याची घरोघरची चाल मोडू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.