वाळवंटातलं नांगरलेलं शेत

सिंधू संस्कृती म्हटलं की बहुतेकांना मोहेंजोदडोचं महास्नानगृह आठवतं. मला आठवतं ते कालीबंगनचं शेत. राजस्थानच्या उत्तरेला, हनुमानगड जिल्ह्यात, घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी ही टेकाडं आहेत.

त्यांच्याकडे आधी लक्ष गेलं ते लुइजी तेस्सितोरी या इटालियन तरुणाचं. तो आला होता चारणांच्या काव्यासाठी. पोथ्या शोधता शोधता टेकाडंही धुंडाळू लागला. इथे त्याला मुद्रा मिळाल्या. त्यांचं मोल कुणाला कळायच्या आतच, 1919मध्ये, तो बिकानेरला वारला. वय अवघं 31. पुढे पाच वर्षांनी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी हडप्पा-मोहेंजोदडोची वार्ता जगाला दिली. ही पाच वर्षं मला फार टोचतात.

1960 ते 1969 इथे उत्खनन झालं, बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी ते केलं. तटबंदी, विटांची घरं, अग्निकुंडं, सगळं निघालं. पण खरी कमाल तटाबाहेर, आग्नेयेला. इ.स.पू. 2800च्या सुमारास नांगरलेली जमीन! भिंत निदान कुदळीला लागते तरी. नांगराचं तास म्हणजे मातीतली नुसती खाच, आणि तीही पुढच्या वस्तीच्या मातीने भरलेली. थोडा रंग वेगळा, थोडा पोत वेगळा, एवढ्यावर ती ओळखायची. हात जरा जड पडला की शेत गेलंच.

आडवी तासं साधारण 30 सेंटिमीटरवर, उभी जवळपास 190वर. त्या भागातले शेतकरी अजूनही अशीच पेरणी करतात: दाट तासांत कडधान्य, विरळ तासांत मोहरी. उभी तासं दक्षिणोत्तर असल्याने हिवाळ्यात भर दुपारी उंच मोहरीची सावली तिच्याच ओळीत पडते, कडधान्याचं ऊन अडत नाही. आपल्याकडे रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी धरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उत्खननानंतर शेत पुन्हा मातीने बुजवलं. योग्यच केलं, उघड्यावर ती तासं किती वावटळी सोसणार? त्या आरंभीच्या वस्तीचा अहवाल मात्र 2003मध्ये छापून आला. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही, मग टिपणं इतकी वर्षं पडून का राहावीत?

नांगर लाकडी असणार, तो काही उरला नाही. पण हरियाणातल्या बनावलीला भाजक्या मातीचा एक छोटा नांगर सापडला आहे, आखूड फाळाचा आणि लांब, वाकड्या इसाडाचा.