परसातली परीक्षा

मराठीच्या प्राध्यापकाने बागकाम करू नये असा विद्यापीठाचा नियम नाही. तसा तो असता तर आमच्या घरात पुष्कळ शांतता नांदली असती, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. मी आपला रोज सकाळी रिठदहून एस.टी.ने वाशीमला जातो, मुलांना व्याकरण, काव्य आणि त्यांना नको असलेले आणखी पुष्कळ काही शिकवतो आणि संध्याकाळी परत आलो की पायातल्या वहाणा न काढताच मागल्या दाराने परसात शिरतो. तेथे माझा दुसरा वर्ग भरलेला असतो. त्या वर्गातले विद्यार्थी निदान गैरहजर राहत नाहीत.

रिसोड तालुक्यातले आमचे रिठद हे काळ्या मातीचे गाव. पावसाळ्यात पाय रुतावा आणि उन्हाळ्यात भेगेत अडकावा, अशी ही माती. शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा. घर वडिलार्जित आहे. पुढून आखूड आणि मागे लांबलचक. परसाच्या उजव्या कोपऱ्यात, न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे, सीताफळाचे एक जुने झाड आहे. ते कोणी लावलेले नाही. कोणीतरी फळ खाऊन बिया थुंकल्या, त्यांतली एक उगवली. दादाच्या बारशाला ते वीतभर होते असे आई सांगते. आणि दादा १९६८ सालचा. त्या झाडाला कोणी कधी खत घातले नाही, औषध मारले नाही. सीताफळाच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून ते जगले. डोंगरउतारावर, बांधावर, दौलताबादसारख्या पडक्या किल्ल्याच्या कुशीत हे झाड दिसते ते याच पुण्याईवर.

माझे बालपण या झाडाखाली गेले. त्यामुळे याच्यासारखे फळ त्रिभुवनात नाही, असे मी मुलांना, शेजाऱ्यांना आणि एस.टी.तल्या सहप्रवाशांना सांगत आलो. परंतु त्रिभुवनातली बाकीची सीताफळे मी चाखली होती कोठे? एकदा स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. २०१७ च्या पावसाळ्यात मी सहा कलमे आणली, ती या एका प्रश्नापायी.

त्यांतली दोन बाळानगरची. हे मूळ तेलंगणातल्या बाळानगरचे, आता महाराष्ट्रभर पसरलेले आणि बाजारात बहुतेकांनी खाल्लेले. एक अर्का सहान. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने संकर करून काढलेली ही जात. तिच्या एका बाजूला आपले सीताफळ आणि दुसऱ्या बाजूला हनुमानफळाच्या घराण्यातले रक्त. (हनुमानफळ कोणाला म्हणावे आणि लक्ष्मणफळ कोणाला, याबद्दल दोन रोपवाटिकांचे एकमत मी अजून पाहिलेले नाही. रामायणातली सगळी मंडळी या कुळात आहेत, पण नाती कोणी नीट सांगत नाही.) आणि तीन एन.एम.के.-१ गोल्डन. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेत वर्षानुवर्षे निवड करून ही जात काढली. फळ मोठे, गर भरपूर, बिया थोड्या, आणि बाळानगर संपत आले की हे तयार होते. माझ्या तीन गोल्डनपैकी एक मोठेपणी भलतेच निघाले. ज्याच्याकडून घेतले तो म्हणाला, “सर, चिठ्ठी बदलली असंल.” उत्तरपत्रिकांची अशी अदलाबदल आमच्याकडेही होते, तेव्हा मी फार बोललो नाही.

काळ्या मातीत पाणी साचले की सीताफळाची मुळे कुजतात. म्हणून दोन दोन हात खड्डे खणून तळाशी मुरूम घातला, कडेने चर काढले. पिठ्या ढेकूण आला. त्याच्यामागून मुंग्या आल्या. ते सगळे निभावले. पण चौथ्या वर्षी अर्का सहान फुलांनी लगडली आणि फळ मात्र एकही धरेना. मग त्याच सहकाऱ्याने मला सीताफळाच्या फुलाचे गुपित सांगितले. हे फूल अर्धवट उमलते तेव्हा स्त्री असते आणि पूर्ण उमलल्यावर पुरुष होते. दोन्ही रूपे एका वेळी नाहीत. तेव्हा स्वतःचे पराग स्वतःच्या उपयोगी पडणे कठीण. मधमाश्या या हिरवट, जाड पाकळ्यांच्या फुलाकडे फिरकत नाहीत. बारीक भुंगेरे आत शिरून काय करतील तेवढेच. ते नसले तर माणसाने कुंचला घ्यावा.

मी कुंचला घेतला. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग बाटलीच्या झाकणात जमवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धवट उघडलेल्या फुलांच्या पाकळ्या हळूच दूर करून ते आत टेकवायचे, असा माझा जुलै महिना गेला. डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, हातात मुलाचा चित्रकलेचा ब्रश. शेजारचे काका कुंपणापलीकडून बराच वेळ पाहत उभे राहिले आणि अखेर म्हणाले, “सर, झाडाले रंग देऊन रायले काय?” त्या वर्षी सहानला एकवीस फळे आली. दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी मी इतका अस्वस्थ झालो नव्हतो, हे सौभाग्यवती अजून ऐकवतात.

दादा पुण्याला असतो. तीन वर्षांत निवृत्त व्हायचा होता. मग गावी येऊन राहावे म्हणून परसात दोन पक्क्या खोल्या बांधायचे त्याने ठरवले. यात गैर काहीच नव्हते. परस जितके माझे तितकेच त्याचे. २०२३ च्या सप्टेंबरात त्याने फोनवर नकाशा धाडला. त्यात उजवीकडची भिंत सरळ न्हाणीवरच्या झाडातून गेली होती.

मी लगेच फोन केला. झाडाच्या बाजूने बोलताना मी भावनेची भाषा टाळली. पुण्याच्या माणसापुढे ती चालत नाही. मी म्हटले, “दादा, ही चव दुसरीकडे मिळायची नाही.”

“तुझ्याकडे चार जाती आहेत ना?” दादा म्हणाला. “दिवाळीला येतोच आहे. डोळे बांधून चाखू सगळे. तुझं झाड पहिलं आलं तर भिंत सरकवतो.”

मी आनंदाने कबूल झालो. पंचवीस वर्षे परीक्षा घेणाऱ्या माणसाला परीक्षेची भीती कसली?

त्या वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबरच्या मध्यावर आली, म्हणून चारही जातींची फळे एका वेळी हाताशी होती. फळाचे डोळे उघडून फटींतून पिवळसर रंग दिसू लागला की ते उतरवायचे आणि धान्यात दडपून पिकवायचे. मी आठवडाभर तुरीच्या कोठीत हात घालून फळे दाबून पाहत होतो. सहकाऱ्याकडून गोडी मोजायचे यंत्र उसने आणले. वजने घेतली. गावरान एकशेवीस ग्रॅम, बाळानगर दोनशे साठ, सहान तीनशे चाळीस, गोल्डन चारशे ऐंशी. गोडीत सहान एकतीस अंश. गावरान पंचवीस, बाळानगर चोवीस, गोल्डन तेवीस. म्हणजे यंत्राने गावरानाला दुसरा क्रमांक दिला होता! मी ती रात्र सुखाने झोपलो. बिया मोजल्या होत्या त्या मात्र मी वहीत लिहिल्या नाहीत. एकशेवीस ग्रॅमच्या त्या फळात त्या अडतीस निघाल्या.

पाडव्याच्या दुपारी ओसरीवर परीक्षा झाली. माझ्या मुलाने गर काढून वाट्यांत भरला, वाट्यांना क्रमांक दिले आणि कोणती वाटी कशाची हे एका कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवला. गोडी, वास, गर आणि बिया यांना पंचवीस पंचवीस गुण. एकेकाच्या डोळ्यांवर उपरणे बांधायचे, चमचा तोंडात द्यायचा आणि गुण विचारायचे. वहिनी, पुतणी, सौभाग्यवती, दादा आणि शेवटी मी.

चौथी वाटी तोंडात जाताच मी ओळखले. मऊ, रवाळ, किंचित केवड्यासारखा वास. मी शहाऐंशी गुण दिले आणि शेरासुद्धा लिहावयास सांगितला, “अस्सल आपल्या मातीची चव.” दुसऱ्या वाटीला अठ्ठेचाळीस दिले, शेरा, “साधारण. बिया फार.”

मुलाने खिशातला कागद काढला. चौथी वाटी बाळानगरची होती. दुसरी गावरान.

सगळ्यांच्या गुणांची बेरीज केली तेव्हा गोल्डन पहिले आले, सहान दुसरे. सहानला वहिनींनी जास्त गोड म्हणून गुण कापले, नाहीतर तीच पहिली यायची. गावरान शेवटचे. त्याला सर्वांत कमी गुण देणारा परीक्षक मी होतो.

आई तोवर वाती वळत बसली होती. तिला बोलावले. “डोळे कायले बांधता? तसंही कुठं दिसते,” असे म्हणत तिने प्रत्येक वाटीतले बोटभर चाखले आणि दुसऱ्या वाटीशी थांबून म्हणाली, “हे न्हाणीवरचं.” क्षणाचाही विचार नाही. माझा जीव वर आला. मी विचारले, “आणि आवडलं कोणतं?” तिने गोल्डनची वाटी पुढे ओढली. “हे दे. मले दात नाईत. त्या बिया निवडत कोण बसन?”

दादा जिंकला म्हणून हसला असता, तर मला बरे वाटले असते. तो हसला नाही. हात धुऊन परसात गेला आणि पावलांनी जागा मोजू लागला.

रात्री आईच्या पायांना तेल लावताना मी तिच्याकडे कुरकुर केली. दादाला या झाडाचे काहीच कसे वाटत नाही? दहा वर्षांनी मोठा, माझ्याहून जास्त फळे त्याने खाल्ली असतील.

“त्यानं कुठं खाल्ली?” आई म्हणाली. “खाल्ली तू. त्यानं इकली.”

मग तिने सांगितले ते असे. दादाच्या मॅट्रिकच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. शेतात काही नव्हते. परीक्षेची फी भरायची मुदत दिवाळीच्या सुमाराला. आईने झाड झोडून दोन टोपली फळे काढली, बाबा आजारी, म्हणून दादा ती रिसोडच्या बाजारात घेऊन बसला. सोळा वर्षांचा पोर, वर्गात पहिला येणारा. त्याच्याच शाळेतले एक गुरुजी फळे घ्यावयास आले. त्यांनी ओळख दाखवली नाही. डझनामागे चार आण्यांची घासाघीस मात्र केली. फी भरली गेली. त्या दिवसापासून दादाने या झाडाचे फळ तोंडात घातले नव्हते. आज दुपारी डोळे बांधून घातले, ते एकोणचाळीस वर्षांनी.

मी त्या वेळी सहा वर्षांचा होतो. मला ती टोपली आठवते. निघताना दादाने तिच्यातले एक पिकलेले फळ काढून माझ्या हातात दिले होते, तेही आठवते. माझ्या जिभेवर राहिलेली चव बहुधा त्याच फळाची. मी ती इतकी वर्षे झाडाच्या नावावर मांडत आलो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळीच मिस्त्री आला आणि चुन्याने रेघा मारू लागला. मी ओसरीवर वर्तमानपत्र उलटे धरून बसलो होतो. अडवायचे नाही असे मी रात्रीच ठरवले होते; परीक्षा मी मान्य केली होती, निकाल मीच लावला होता, आणि आता जे कळले होते त्यानंतर दादाला काही सांगण्याचा मला अधिकारही उरला नव्हता. रेघ झाडाशी आली. मिस्त्रीने विचारले, “सायेब, हे कधी काढायचं?”

दादा काही बोलला नाही. झाडाच्या एका खालच्या फांदीवर बुलबुलाने टोकरलेले फळ लोंबत होते, ते त्याने वाकवून पाहिले, सोडून दिले.

“पाया किती सरकवता येईल?” त्याने विचारले.

“चार फूट. पण मग वटा नाई बसत तुमचा.”

“नको ओटा.”

मिस्त्रीने पायाने चुना पुसला आणि अलीकडून दुसरी रेघ मारली. दादा आत आला, माझ्या हातातले वर्तमानपत्र सुलटे करून दिले आणि आंघोळीला गेला.

पुण्याला निघताना वहिनींनी गोल्डनची फळे मागून घेतली. दादाने काही मागितले नाही. मी पिशवी भरली तेव्हा पिकलेली फळे चेंगरू नयेत म्हणून वर ठेवली आणि तळाशी गावरान घातली. ती अजून कडक होती.