चिकाची पुण्याई

दिवाळीच्या सुमारास गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, लस झालीय याची. आता बाहेर फिरवू ना?" पिल्लू जेमतेम दीड महिन्याचं असतं. मी 'नाही' म्हणतो, तेव्हा यांना आणखी इंजेक्शनं खपवायची आहेत, असा भाव समोरच्या चेहऱ्यावर उमटतो.

तीच लस पुन्हा पुन्हा का, याचं उत्तर आईच्या चिकात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडं मिळतात. पार्व्हो या रक्ताच्या जुलाबांच्या रोगाविरुद्धची ही प्रतिपिंडं साधारण दर १० दिवसांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असतात तोवर लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूचाही फडशा पाडतात. सुई टोचली जाते, पण पिल्लाचं शरीर त्यातून काही शिकत नाही. पुढे एक विचित्र काळ येतो. उरलेली प्रतिपिंडं लस हाणून पाडायला पुरतात, रस्त्यावरच्या खऱ्या विषाणूपुढे मात्र तोकडी पडतात. हा काळ एका वेताच्या भावंडांतही एकाच वेळी येत नाही, कारण दांडग्या पिल्लाने चीक जास्त ओढलेला असतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यायचे. शेवटचा सर्वांत मोलाचा, आणि लोक चुकवतात तोच.

पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. मातीत तर महिनोन्महिने टिकतो. रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू गेलं असेल, तर त्या घरात लगेच दुसरं आणू नये.

तरीही पिल्लाला चार महिने कोंडून ठेवू नका. माणसं, रिक्षा, कुकरची शिट्टी यांची सवय याच वयात होते. कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि वर्षाने पुन्हा. उंदीर आणि साचलेलं पाणी जिथे आहे, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सगळीकडेच, तिथे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लशीचे दोन डोस पावसाळ्याआधी उरकावेत.

जंतांना लशीइतकी वाट पाहवत नाही. गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटातच गर्भात शिरतात, आकड्यांसारखे रक्तपिपासू जंत दुधातून येतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर दरमहा, सहा महिन्यांचं होईपर्यंत औषध. प्रत्येक वेळी वजन करूनच. आईलाही द्यायचं. घरात रांगतं मूल असेल तर हे अजिबात टाळू नका, कारण गोल जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली की अळ्या यकृतापर्यंत, डोळ्यापर्यंतही पोचू शकतात.

गोचिडी वेचून रॉकेलच्या डब्यात टाकणारे आजोबा मला आवडतात, पण एक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या फटीत. औषध अंगावर हवं तसं फटींतही हवं. आणि घरात मांजर असेल तर दुकानातून काही उचलण्याआधी विचारा. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीडनाशक थेंबांतलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.